‘ईआर पॉझिटिव्ह’ला ‘सकारात्मक’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: स्तनाच्या कर्करोगात गाठीच्या ऊतकाची तपासणी होते आणि रिपोर्टात ‘ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह’ असं येतं. (ईआर आणि पीआर म्हणजे ईस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोन्सचे, पेशीतले ग्राही, इंग्रजीत रिसेप्टर. हर-टू हाही पेशीवरचा एक ग्राही.) घरच्यांना मराठीत लिहून द्यायचं तर ‘सकारात्मक’, ‘नकारात्मक’ चालेल का?

माझ्या मते नको. ‘सकारात्मक’ हा आता वृत्तीचा शब्द झालाय: सकारात्मक विचार, सकारात्मक प्रतिसाद. त्यात चांगुलपणा मुरलाय. उलट करोनाने ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे वाईट आणि ‘निगेटिव्ह’ म्हणजे सुटलो, हे डोक्यात पक्कं बसवलं. इथे दोन्ही फसवे. गाठ कर्करोगाची आहे हे आधीच ठरलेलं असतं, चाचणी त्यापुढचं विचारत असते. ईआर पॉझिटिव्ह आलं तर टॅमॉक्सिफेनसारख्या संप्रेरक-उपचारांची वाट मोकळी होते, निगेटिव्ह आलं तर ती बहुधा बंद. म्हणजे ‘निगेटिव्ह’ वाचून हुश्श करण्यासारखं इथे काही नाही.

चाचणीत गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणात बसवतात आणि त्याचे अगदी पातळ काप काढतात. त्यांवर ठरावीक प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सोडली की ती आपापल्या ग्राहीला चिकटतात आणि पुढच्या प्रक्रियेत तिथे सहसा तपकिरी रंग उमटतो. ईस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे ग्राही पेशीच्या केंद्रकात पाहतात, हर-टू पेशीच्या पटलावर. (‘ग्राही’ हा रिसेप्टरला मिळालेला झकास शब्द, ‘गुणग्राही’तला. ‘ऊतक’ मात्र हिंदीतून आलाय. आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘ऊती’ आहे. मूळ धातू विणण्याचा, ‘ओतप्रोत’मधल्या ‘ओत’चाही तोच. इंग्रजी ‘टिश्यू’सुद्धा विणलेल्या कापडावरूनच आला.)

तर प्रश्न एवढाच: ग्राही आहेत का? त्याचं उत्तर हो किंवा नाही. शाळेच्या व्याकरणात अशा वाक्यांना आपण होकारार्थी आणि नकारार्थी म्हणत आलो. मी तेच शब्द घेईन. त्यांत ना कौतुक, ना भीती.

‘आढळले’ आणि ‘आढळले नाही’ जास्त सोपं नाही का? मीही आधी तेच सुचवत असे. पण इथला नकार म्हणजे शून्य असं नसतं. ईआरमध्ये कर्करोगपेशींची किमान १ टक्का केंद्रकं रंगली तर होकार, त्याखाली नकार. १ ते १० टक्क्यांना ‘लो पॉझिटिव्ह’ असा वेगळा शेरा मिळतो. हर-टूला ०, १+, २+, ३+ अशी श्रेणी असते. १+ मध्ये रंग फिकट का होईना, दिसतो, तरी तो नकारार्थीच धरतात. तिथे ‘आढळले नाही’ लिहिणं खोटं ठरेल. २+ म्हणजे संदिग्ध. मग फिश (FISH) सारख्या चाचणीने थेट हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजून निकाल लावतात. ‘अनिश्चित’पेक्षा ‘संदिग्ध’ बरा, कारण तपासणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं, रंगच अधलामधला असतो. आणि हो, ३+ हे ‘तीन प्लस’ असं वाचायचं. ‘तीनपेक्षा जास्त’ असा अर्थ लावलेला मी पाहिलाय. तीन ही तिथली सर्वांत वरची पायरी आहे.

खरी पंचाईत ‘ट्रिपल निगेटिव्ह’ची. ‘तिहेरी नकारात्मक’ असं छापलेलं दिसतं, त्यात रोग तिप्पट वाईट असल्याचा भास होतो. मी लिहीन, ‘ईआर, पीआर आणि हर-टू या तिन्ही चाचण्यांत नकारार्थी’. लांबलं खरं, पण घरच्यांसाठीच्या कागदावर लांबी परवडते. डॉक्टरांशी बोलताना मात्र ‘ट्रिपल निगेटिव्ह’च म्हणा, ‘नकारार्थी’ म्हटलंत तर ते तुमच्याकडे बघत राहतील.