सराव पाठाला गुण देऊन नवा शिक्षक घडतो का?

तुम्ही बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि विचारलंय की निरीक्षक मागे बसून सराव पाठाला गुण देतात, त्याने शिकवणं खरंच सुधारतं का. अध्यापक विद्यालयात मी बरीच वर्षं पाठ निरीक्षण करते आहे. नुसत्या गुणांनी सुधारत नाही. पाठानंतर काय बोलणं होतं आणि तोच घटक पुन्हा शिकवायला मिळतो का, यावर सगळं अवलंबून आहे.

एक पाठ सांगते. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी. छात्राध्यापिकेचं टाचण (पाठाची लेखी आखणी) नेटकं, फलकलेखन सुरेख, मुलं एका सुरात उत्तरं देत होती. निरीक्षण तक्त्यात मी बहुतेक ठिकाणी वरची श्रेणी दिली होती. शेवटच्या पाच मिनिटांत बाकांमधून फिरले, तर सात-आठ वह्यांत ४२ − १७ = ३५! सातातून दोन गेले, राहिले पाच. चारातून एक गेला, राहिले तीन. मुलांनी मोठ्या अंकातून लहान अंक काढला होता. एका सुरातल्या उत्तरांत ते ऐकूच आलं नव्हतं.

तिला मी गुण सांगितले नाहीत. त्या वह्या पुढे ठेवून विचारलं, ‘या मुलाने काय विचार केला असेल?’ थोड्या वेळाने तिने स्वतःच ओळखलं. दुसऱ्या दिवशी ती काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या घेऊन आली. सात काढायच्या तर एक गठ्ठा सोडावाच लागतो, हे मुलांनी हाताने करून पाहिलं.

सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठात, हीच सोय आहे: ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), १२ पुनर्नियोजन, ६ पुनर्पाठ, ६ पुन्हा प्रत्याभरण. पण घाईत पुनर्पाठ फक्त वहीत लिहिला जातो. मला हे फार खुपतं, कारण शिकणं तिथेच होतं.

आणखी एक अडचण. ज्याच्या हातात गुण, त्याच्यासमोर कोणी चूक उघडी करत नाही. मग घोटून घेतलेला, सोपा पाठच दाखवला जातो. म्हणून सुरुवातीचे काही पाठ बिनगुणांचे असावेत, असं माझं ठाम मत आहे. टीईटीचे (शिक्षक पात्रता परीक्षेचे) १५० बहुपर्यायी प्रश्न विषयाची तयारी तपासतात, ते हवंच. पण ३५ लिहिणाऱ्या मुलापाशी तुम्ही काय कराल, ते त्यात दिसत नाही.

आंतरवासितेचे, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याचे, १६ आठवडे तुमच्या हाताशी आहेत. पुढच्या पाठाआधी निरीक्षकांना सांगा, ‘सर, माझ्याऐवजी या पाच मुलांच्या वह्या बघाल का?’ आणि तोच घटक त्याच आठवड्यात पुन्हा घेण्यासाठी वर्गशिक्षकांकडून एक तास मागून ठेवा.