भूतकाळ, वर्तमान की भविष्य: माणसाने नेमकं कशात जगावं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की सगळे 'वर्तमानात जगा' म्हणून सांगतात, पण तुमचं मन सारखं पुढच्याच गोष्टींत अडकलेलं असतं, तर चुकतंय कुठे? काही चुकत नाहीये. हेच वाक्य मी गेली वीस वर्षं थोरल्या भावाकडून ऐकतोय म्हणून लिहायला बसलो, नाहीतर असल्या प्रश्नांच्या वाटेला जात नाही. "अरे, आत्ता जग की जरा." दादा हे म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा माझ्या हातात त्याचंच राहिलेलं एखादं काम असतं.

बाबांच्या हृदयाचे ठोके अनियमित होते, म्हणून त्यांना वॉर्फरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. ज्यांच्या घरात ही गोळी आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. डोस कधी एक गोळी, कधी अर्धी, वारांप्रमाणे वेगळा. मी एक फाईल केली होती. निळी, आत प्लास्टिकचे कप्पे. पहिल्या पानावर तक्ता: तारीख, आयएनआर, डोस, पुढची तपासणी. शेवटच्या कप्प्यात चालू असलेल्या प्रत्येक गोळीच्या पट्टीचा तुकडा, नाव नीट वाचता येईल असा कापून ठेवलेला. दादा तिला 'चित्रगुप्ताची वही' म्हणायचा. वहिनींसमोर, मुलांसमोर, सगळ्यांसमोर.

एका रात्री बाबा बाथरूममध्ये पडले आणि डोकं आपटलं. रुग्णालयात तातडीच्या विभागात डॉक्टरांनी आधी हेच विचारलं की रक्त पातळ करायचं काही चालू आहे का. दादा बाबांचा हात धरून बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी फाईल उघडली. शेवटचा आयएनआर २.६, बारा दिवसांपूर्वीचा. आजची गोळी संध्याकाळी सातला दिलेली. आणि पाच दिवसांपासून दाताच्या संसर्गासाठी मेट्रोनिडाझोल. त्या नावावर डॉक्टरांचं बोट थांबलं. मेट्रोनिडाझोलमुळे वॉर्फरिनचा परिणाम वाढतो. रक्ताचा रिपोर्ट हातात आला तेव्हा आयएनआर साडेपाचच्या वर होता, पण वॉर्फरिनचा परिणाम उतरवणारं व्हिटॅमिन केचं इंजेक्शन त्याआधीच दिलेलं होतं आणि प्लाझ्मासाठी मी रक्तपेढीच्या खिडकीपाशी उभा होतो. सीटी स्कॅनमध्ये डोक्यात लहानसा रक्तस्राव दिसला. तो तेवढ्यावरच थांबला.

ती सगळी रात्र मी बाहेर काढली. फॉर्म, सह्या, झेरॉक्स, पुन्हा फॉर्म. आत दादाने बाबांना काय सांगितलं देव जाणे, पण दोघांच्या हसण्याचा आवाज कॉरिडॉरपर्यंत येत होता. डोक्याला पट्टी बांधलेला, नुकताच मरता मरता वाचलेला माणूस खदखदून हसत होता.

बाबा त्यानंतर चौदा महिने जगले. कोणी भेटायला आलं की सांगायचे, "थोरला रात्रभर माझा हात धरून बसला होता." मग माझ्याकडे बघून, "हाही होता ना. कागद घेऊन फिरत होता."

ते चौदा महिने त्या कागदांमुळे मिळाले, हे मी तेव्हा बोललो नाही. बोलून दाखवायची गोष्ट नव्हती ती. इथे मला कोणी ओळखत नाही, म्हणून बोलतोय.

मध्यंतरी दादाने मला एक लेख पाठवला. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांचा २०१० मधला अभ्यास. २,२५० लोकांना फोनवर अधूनमधून विचारत राहायचं की आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय. निघालं असं की ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच, आणि मन भटकलेलं असताना लोक कमी खूश होते. खाली दादाची डोळा मारणारी इमोजी. अभ्यासाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यात त्या त्या क्षणाची खुशी मोजली आहे. त्या रात्री रक्तपेढीच्या खिडकीपाशी मला कोणी विचारलं असतं तर मीही 'फार वाईट' असंच दाबलं असतं. माझ्या वाईट वाटण्यातून आत कोण हसू शकलं, हे फोनला कसं कळणार?

निव्वळ वर्तमानात जगणारा माणूस बघायचाच असेल तर क्लाइव्ह वेअरिंगबद्दल वाचा. इंग्रज संगीतकार. १९८५ मध्ये विषाणूमुळे मेंदूला सूज आली आणि त्यानंतर कुठलीही नवी आठवण काही सेकंदांपलीकडे टिकेनाशी झाली. पियानो वाजवता यायचा, बायको ओळखू यायची, पण डायरीत तो लिहायचा की आत्ता मी पहिल्यांदाच खरा जागा झालोय. थोड्या वेळाने ती ओळ खोडून, नवी वेळ टाकून, पुन्हा तेच. पानंच्या पानं. याला सुख म्हणायची माझी हिंमत नाही.

कॅनडातला के. सी. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा रुग्ण त्याहून विचार करायला लावणारा. १९८१ मध्ये मोटारसायकलचा अपघात झाला आणि आयुष्यातला एकही प्रसंग त्याला आठवेना. एन्डेल टल्विंग या मानसशास्त्रज्ञाने त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्याला उद्याचं चित्रही डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं. कालचं गेलं तसं उद्याचंही गेलं. म्हणजे हे तीन वेगळे डबे नाहीतच की यातला एक निवडा म्हणावं. माझ्या फाईलमध्ये तरी काय होतं? मागच्या तारखा, पुढच्या तारखेसाठी.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर जमेल तेवढं देतो. भूतकाळात मुक्काम ठोकू नका, पण त्याच्या नोंदी ठेवा. उद्याचा विचार करत राहा आणि त्यासाठी कोणाची माफी मागू नका. आणि जो तुम्हाला 'आत्ता जग' सांगतो त्याला एकदा विचारा की तुझ्या विम्याचा हप्ता कोण भरतं, गॅसचं बुकिंग कोण करतं, आईवडिलांच्या तपासणीची तारीख कोणाच्या डोक्यात असते. निवांतपणे आत्ता जगणाऱ्याच्या मागे उद्याचं बघणारं कोणीतरी असतंच. दादाच्या मागे मी होतो. आता वहिनी आहेत.

हां, एक आधी सांगायला हवं होतं. रात्री दोनला छताकडे बघत 'काय होईल, काय होईल' करणं मी ज्याचं कौतुक करतोय त्यात येत नाही. तसं रोज होत असेल तर माझं उत्तर सोडा आणि डॉक्टरांकडे जा. डोक्यातलं कागदावर उतरलं तर उपयोगाचं.

नुसतं उतरवूनही भागत नाही म्हणा. दाताच्या गोळ्या सुरू झाल्या त्याच दिवशी मी त्यांची नोंद केली होती. पट्टीचा तुकडा कापून कप्प्यात ठेवला. बाबांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून ही गोळी चालेल का विचारायचं होतं, तेही पेन्सिलने समासात लिहिलं होतं. पाच दिवस ते तसंच राहिलं. त्या रात्री डॉक्टर फक्त नाव वाचत होते, समासाकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

दादाने मागच्या वर्षी ती फाईल बघायला मागितली. सापडत नाही म्हणून सांगितलं. कपाटात वरच्या कप्प्यात आहे. आणि त्या रात्री आत कशावर हसत होते, ते मीही त्याला अजून विचारलेलं नाही.