प्रवाळांची टोके पांढरी का पडतात?

प्रश्न : २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. केएच (पाण्याची कार्बोनेट क्षारता, अंशांत) ११, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य, एलईडी पूर्ण क्षमतेवर. अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची टोके पांढरी पडताहेत. काय चुकतंय? – एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : पाणी ‘स्वच्छ’ आहे, पण प्रवाळ उपाशी आहेत. भरपूर प्रकाश आणि चढ्या केएचमुळे सांगाडा झपाट्याने वाढतो, पण नायट्रोजन-फॉस्फरसअभावी त्यावरची पेशींची त्वचा मागे पडते. टोके म्हणूनच उघडी पडतात.

केएच वाढवायला सोडा घालत असाल तर थांबवा, केएच आपोआप ८ वर उतरू द्या. प्रकाश ७० टक्क्यांवर आणा. फॉस्फेट शोषणारी भुकटी काढा, माशांचे खाणे थोडे वाढवा. नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या (दहा लाखांत भाग) आसपास हवे. केएच ८ झाल्यावर रोज किती घटतो ते मोजून तेवढाच भरा : तुमच्या टाकीत साधा खाण्याचा सोडा ६ ग्रॅम म्हणजे साधारण १ अंश. आरओ पाण्यात विरघळवून जोरदार प्रवाहात सावकाश ओता. दिवसात १ अंशापेक्षा जास्त चढवू नका. प्रकाश मात्र टोके भरून आल्यावरच, आठवड्याला ५ टक्के वाढवा.

बोअरचे पाणी टाकीत नकोच. स्वयंपाकघरातल्या आरओलाही डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) जोडा, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य दिसला पाहिजे.