फाईल द्यायची की लिंक?

प्रश्न: ताई, लेसच्या कडेचा एक पॅटर्न मी डिझायनरकडून विकत घेतला, पीडीएफ आहे. आता क्रोशेच्या ग्रुपमधल्या मैत्रिणी मागे लागल्यात की टाक ना ग्रुपवर, आणि नाही म्हटलं की "साखळ्या आणि खांब हे नेहमीचेच टाके तर आहेत त्यात" म्हणून ऐकवतात. काय करू? आणि नुसता फोटो बघून, टाके मोजून विणलं तर तीही चोरीच का?
– एक क्रोशेवेडी

उत्तर: मैत्रिणींचं अर्धं बरोबर आहे बरं का. साखळी, खांब, पिको या टाक्यांवर कुणाचाच हक्क नाही आणि अननसाचा नमुना तर पिढ्यानपिढ्या या हातातून त्या हातात फिरतोय. कॉपीराइट असतो तो डिझायनरने लिहिलेल्या ओळींवर, काढलेल्या चार्टवर, फोटोंवर, म्हणजे नेमकं तुझ्या पीडीएफमध्ये जे आहे त्यावरच. कोपऱ्यावर वळताना लेस आकसू नये म्हणून कुठे किती साखळ्या वाढवायच्या हे ठरवायला तिने किती वेळा उसवलं असेल ते तुला वेगळं सांगायला नको, पैसे त्याचेच तर आहेत. त्यामुळे फाईल नको, लिंक टाक. कुणाला टाका जमत नसेल तर शेजारी बसून खुशाल शिकव, त्याला कोण अडवतंय.

फोटो बघून स्वतःपुरतं विणलंस तर बिनधास्त वीण, डोळे तयार होतात त्याने. पण तेच लिहून काढून स्वतःच्या नावावर विकायचं म्हणशील तर मला नाही पटत, कायदा देशोदेशी थोडा वेगळा असला तरी.

अगदी जुने नमुने हवे असतील तर ते खुले आहेत. बहुतेक देशांत लेखक गेल्यावर 50 ते 70 वर्षांनी हक्क संपतो, सुईकामाचा प्रसिद्ध ज्ञानकोश लिहिणाऱ्या थेरेस द दिलमाँ 1890 मध्ये गेल्या, म्हणजे त्यांचं सगळं केव्हाच मोकळं झालं. (सोळाव्या शतकात तर लेसच्या पुस्तकाच्या पानालाच सुईने भोकं पाडून नमुना उतरवून घ्यायचे, पुस्तकांची चाळण व्हायची, म्हणून तर आज इतकी कमी उरलीत!) फक्त जुन्या नमुन्याचा कुणी आज नव्याने चार्ट काढला असेल तर तो चार्ट तिचा, तेवढं बघ.

प्रश्न: आणि इंग्रजी पॅटर्न मराठीत लिहून फुकट दिला तर?

उत्तर: फुकट दिला तरी भाषांतराचा हक्क मूळ लेखिकेचाच, तेव्हा आधी मेल टाकून विचार, पुष्कळ जणी खुशीने हो म्हणतात. हो म्हणाली तर पॅटर्न ब्रिटिश की अमेरिकन तेही विचारून घे, कारण ब्रिटिश ट्रेबल म्हणजे अमेरिकन डबल, म्हणजेच आपला खांब, आणि तिथे गोंधळ झाला की खांबाच्या जागी बुटका मुका खांब पडतो आणि लेस निम्म्या उंचीची होते.