मुंबईत बाल्कनीत पडलेल्या वटवाघळाच्या पंखावर बारीक कोळ्यासारखं काहीतरी चालत होतं. ते काय? घरात पसरेल का?

आधी पाय मोजा. आठ पाय, मिलिमीटरभर आकार आणि पंखाच्या पातळ पडद्याला घट्ट चिकटलेला असेल तर तो पंखावरचा माइट (कोळ्याच्या नात्यातला बारीक परजीवी), बहुधा स्पिंटर्निक्स गटातला. सहा पाय असतील आणि केसांतून सरसर पळत असेल तर ती वटवाघळावरची बिनपंखी माशी. दिसायला हुबेहूब कोळी, त्यामुळे फसगत हमखास होते.

हा माइट घरात पसरत नाही. त्याचं सगळं आयुष्य त्या पडद्यावरच जातं. मादी अंडी बाहेर घालत नाही, अंडं आणि अळी या दोन्ही अवस्था तिच्या पोटातच उरकतात. ज्याच्या अंगावर जगतो त्या वटवाघळापासून सुटला की तो फार टिकत नाही, म्हणून अंगाला अंग लागल्याशिवाय दुसऱ्या वटवाघळावर जात नाही. गाभण आणि पाजणाऱ्या माद्यांवर तो जास्त सापडतो: त्या काळात त्यांची प्रतिकारशक्ती उतरलेली असते, शिवाय माद्या दाटीवाटीने लटकतात आणि पिल्लांच्या रूपाने नवं घरही मिळतं.

भिंतीच्या फटीत राहणारे माइट आणि गोचिड्या मात्र वेगळ्या. वटवाघळं हाकलली की त्या उपाशी राहतात आणि माणसाला चावू शकतात. म्हणून वटवाघळं राहत असलेलं एसीमागचं भोक घाईने बुजवू नका, पिल्लं उडू लागेपर्यंत तर नाहीच.

नमुना हवाच असेल तर गळून पडलेला माइट ओल्या ब्रशने उचलून ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाका. वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नका, रेबीजचा धोका असतो.