सुपरहिरो कॉमिक्सचे अंक रखडले किंवा शेवट आधीच फुटला, तर कथेवर खरंच परिणाम होतो का?

होतो, आणि बराच होतो. कारण इथे एक कथा एकाच मासिकात राहत नाही. मुख्य मालिका रखडली तरी तिच्यावर बेतलेले बाकीचे अंक थांबतातच असं नाही.

मार्व्हल या कॉमिक्स कंपनीची 'सिक्रेट वॉर्स' (२०१५) घ्या. जग वाचणार की नाही, हाच तिचा प्रश्न. आठ अंकांची मालिका नऊची झाली आणि शेवटचा अंक जानेवारी २०१६ मध्ये आला. पण त्या कथेनंतरच्या जगातली नवी मासिकं ऑक्टोबर २०१५ पासूनच दुकानात होती! त्यांतल्या 'इन्व्हिन्सिबल आयर्न मॅन'च्या पहिल्याच अंकात डॉक्टर डूम या खलनायकाचा विद्रूप चेहरा बरा झालेला दिसला. तो कसा बरा झाला, हे मूळ मालिकेत तीन महिन्यांनी कळलं. शेवटचा अंक माझ्या मते सुंदर आहे, म्हणूनच हळहळ वाटते. पण जग वाचणार की नाही, ही धाकधूकच उरली नव्हती.

स्पॉयलरचं, म्हणजे शेवट आधीच फुटण्याचं, सगळ्यात वाईट उदाहरण मात्र डीसी या दुसऱ्या कंपनीचं, १९९१ चं 'आर्मागेडन २००१'. कोणता नायक पुढे मोनार्क नावाचा हुकूमशहा होणार, हे त्यातलं रहस्य. उत्तर होतं कॅप्टन ॲटम हा नायक. ते आधीच फुटलं, म्हणून ऐनवेळी हॉक या दुसऱ्याच नायकाला मोनार्क केलं. आधी पेरलेल्या खुणांशी ते जुळेना. फुटलेलं रहस्य तसंच ठेवलं असतं तरी चाललं असतं, असं मला मनापासून वाटतं. शेवट माहीत असूनही चांगली कथा वाचावीशी वाटते. तुटलेली कथा दुसऱ्यांदा हातात घ्यावीशी वाटत नाही.