वाचल्याशिवाय पुसू नकोस

प्रिय,

तुझा निरोप मध्यरात्रीनंतर आला होता, मी सकाळी वाचला. ‘काका, फेसबुक, इन्स्टा, ट्विटर, तिन्हीकडचं सगळं एका रात्रीत उडवणारं एखादं ॲप सांगा ना, व्हिसाचा इंटरव्ह्यू जवळ आलाय.’ खाली तीन जणांचे तीन सल्ले. मामा म्हणतात, नाशिकच्या तपोवनातल्या झाडांबद्दल लिहिलंयस ते आधी काढ. मैत्रीण म्हणते, खातीच बंद कर. कन्सल्टंट म्हणतो, पाच वर्षांपलीकडचं कोण उकरतंय, सोडून दे. तुला स्वतःला काय वाटतं ते मात्र त्या अख्ख्या निरोपात कुठं सापडलं नाही.

ॲप मी सांगणार नाही. वाचल्याशिवाय पुसायचं नाही, एवढं एकच मला सांगायचंय, आणि तुला कंटाळा येईपर्यंत तेच सांगणार आहे.

आधी व्हिसाचं उरकू, कारण घबराट तिथून सुरू झालीय. अमेरिकेच्या डीएस-१६० अर्जात मे २०१९ च्या अखेरीपासून गेल्या पाच वर्षांत तू कोणकोणत्या सोशल मीडियावर कोणत्या नावानं होतीस ते विचारतात. ती पाच वर्षं खात्यांसाठी आहेत, पोस्टच्या वयासाठी नाहीत. चालू खात्यावरची २०१३ ची पोस्टही उघडली की दिसतेच. कन्सल्टंटनं इथं घोळ घातलाय. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना प्रोफाइल सार्वजनिक ठेवायला सांगतात, म्हणजे कुलूप लावून बसायची सोयही राहिली नाही. आणि मैत्रिणीचं ऐकून आज खातं बंद केलंस, तरी या पाच वर्षांत ते वापरलंयस, तेव्हा त्याचं नाव अर्जात लिहावंच लागेल. ते लपवू नकोस. यावर मी चर्चाही करणार नाही.

आता तुझ्या खात्यांकडे ये.

मी मुद्रितशोधनात वाढलो. माझ्या पहिल्या वरिष्ठांचा दंडक होता की शब्द बदलायचा तर एकदा वाच, ओळ काढायची तर दोनदा, आणि परिच्छेद काढायचा तर आधी तो लिहिणाऱ्याकडे जाऊन ये. तुझ्या बाबतीत लिहिणारी तूच आहेस. नववीतली तू, कॉलेजातली तू, करोनातली तू. तिच्याकडे न जाता तिची बारा-तेरा वर्षं एका बटणानं काढून टाकायला निघालीस, याचा मला राग आला, हे लपवत नाही.

नववीतलं बरंचसं जाईल. जायलाच हवं. २०१४ च्या निवडणुकीच्या दिवसांत तुम्ही पोरं एकमेकांना काय काय म्हणत होतात ते मला आठवतंय. मतदानाचं वयही झालेलं नव्हतं, पण भांडण मोठ्यांच्या वरताण. कुणाच्या आडनावावरून, कुणाच्या रंगावरून केलेली टिंगल काढून टाक, त्यात जपण्यासारखं काही नाही. पण वाचून काढ. वाचलंस तर तुला कळेल की त्या टिंगलीच्या समोर कोण होतं. वर्गातल्या त्या मुलीच्या फोटोखालची हसाहस तूच मला एकदा सांगितली होतीस. ॲपनं ती पोस्ट उडवली की तुझं खातं स्वच्छ होईल आणि तिला एक फोन करायचा राहिलाय हे तुझ्या ध्यानातही येणार नाही.

लाईकसुद्धा बघ. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टवरून अटक झाली होती. एकीनं ती लिहिली होती, दुसरीनं नुसती लाईक केली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६अ कलमाची तेव्हा एवढी चर्चा झाली, ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. कलम गेलं, पण लाईक म्हणजे काहीच नाही, असं तेव्हापासून मी कुणाला म्हणू देत नाही. इन्स्टावर ‘युवर ॲक्टिव्हिटी’त आणि फेसबुकवर ‘ॲक्टिव्हिटी लॉग’मध्ये तुझे लाईक आणि कमेंटही सापडतील. तिथं वर्ष निवडता येतं. एका बैठकीत एक वर्ष, त्याहून जास्त नको.

मला खरी काळजी आहे ती एप्रिल २०२१ ची.

त्या महिन्यात तू झोपत नव्हतीस. ऑक्सिजन बेड, रेमडेसिव्हिर, प्लाझ्मा, व्हेंटिलेटर. नाशिकरोड, सिडको, सातपूर, पंचवटी, कुठून कुठून तुला मेसेज येत होते आणि तू ते पुढे टाकत होतीस. २१ एप्रिलला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन माणसं गेली, त्या रात्रीही तू बेड शोधत होतीस. तुझ्या हातून त्याहून मोठं काम अजून झालेलं नाही, आणि अमेरिकेत जाऊन काय करशील ते करशील, पण मला तरी त्याची सर येईल असं वाटत नाही.

त्या पोस्ट उघड आणि वाच. पेशंटचं पूर्ण नाव, वय, ऑक्सिजनची पातळी, एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा, स्कोअर, मुलाचा मोबाइल नंबर, कधी आधार कार्डाचा फोटो. तेव्हा ते टाकणं बरोबरच होतं, दुसरा मार्ग नव्हता. आज मात्र ते नंबर तिथं असायला नकोत. त्यातली काही माणसं वाचली, काही गेली. गेलेल्या माणसाचा मुलगा आजही तोच नंबर वापरत असेल आणि त्याच्या वडिलांच्या शेवटच्या आठवड्याचा अहवाल तुझ्या भिंतीवर सगळ्या जगाला उघडा आहे. लोकांची माहिती आधी जाऊ दे, तुझी अब्रू नंतर. व्हिसा नसता तरी हे काम तुला करावंच लागलं असतं.

इथं एक खाचखळगा आहे. फेसबुकवर नुसता नंबर खोडून पोस्ट ठेवावी असं तुला वाटेल. पण दुरुस्तीचा इतिहास तिथं राहतो, आणि ज्याला पोस्ट दिसते त्याला तो उघडून बघता येतो. म्हणजे खोडलेला नंबर तिथंच. म्हणून अशी पोस्ट काढायची आणि हवी तर नंबराविना नव्यानं लिहायची. त्याच वर्षी लसीच्या प्रमाणपत्रांचे फोटो सगळ्यांनीच टाकले होते. त्यावर वय, आधारचे शेवटचे चार आकडे आणि क्यूआर कोड असतो. तुझं असेल, आजीचं असेल, काढ. ट्रेनचं तिकीट, हॉलतिकीट, घराची पाटी दिसणारे फोटो, तेही.

तू म्हणशील, आता कायदा आलाय की. आलाय, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, त्यात माहिती पुसून मागण्याचा हक्कही आहे. पण आपली माहिती आपणच जाहीर केलेली असेल तर तिला तो कायदा लागूच होत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. तेव्हा कायद्याच्या भरवशावर बसू नकोस. बटण तुझ्या हाताशी आहे.

आणि तपोवन. मामांचं मन मला कळतं, भाचीला काही होऊ नये म्हणून ते बोलतात. पण ऐक. साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या तात्पुरत्या वस्तीसाठी, सुमारे १,८०० झाडं तोडण्याची गोष्ट निघाली तेव्हा तू जाऊन उभी राहिलीस, फोटो टाकलेस, महापालिकेला प्रश्न विचारलेस. त्या पोस्ट मी पुन्हा काढून वाचल्या. एक सोडली तर त्यात कुणाला शिवी नाही, कुणाच्या श्रद्धेची टवाळी नाही, कुंभाला विरोधही नाही. ज्या एकीत आहे ती तुझी तुला सापडेल, ती काढ. बाकीच्या का काढायच्या? कुणीतरी बघेल म्हणून? बघू दे की! बघावं म्हणूनच लिहिलं होतंस ना?

मी काढली नाही. २०१६ च्या ऑगस्टमधला पूर ओसरल्यावर गोदाघाटावर मी एक लांब पोस्ट लिहिली होती. २००३ च्या सिंहस्थाच्या वेळी नदीच्या पात्रात ओतलेल्या काँक्रीटबद्दल, त्याखाली बुजलेल्या कुंडांबद्दल आणि झऱ्यांबद्दल. मी तेव्हा जिथं नोकरीला होतो तिथल्या वरिष्ठांनी बोलावून सांगितलं की ही पोस्ट आज संध्याकाळपर्यंत निघाली पाहिजे. मी घरी आलो, पोस्ट सावकाश वाचली आणि त्यात कुणाच्या तोंडावर म्हणता येणार नाही असं एकही वाक्य मला सापडलं नाही. म्हणून काढली नाही. त्यानंतर मला रविवारच्या पुरवणीवरून हलवून जाहिरातींच्या पानांवर बसवलं, ते निवृत्तीपर्यंत. तुझी काकू अजून म्हणते की एवढ्याशा पोस्टपायी पुरवणी घालवलीत. पुरवणी माझ्या जिवाची होती, तिला ते माहीत आहे, म्हणूनच ती म्हणते. पण मला विचारशील तर मी बरोबर होतो. मी ती अविचारानं ठेवली नव्हती, वाचून ठेवली होती. न वाचता ठेवली असती तर तो हट्ट झाला असता, आणि न वाचता काढली असती तर मला पुढं त्या विषयावर एक अक्षर लिहिता आलं नसतं. काँक्रीट काढा, ही मागणी पुढे किती जणांनी लावून धरली ते तू पाहिलंयस. मी त्यांच्यातला एक होतो, आणि हे सांगायला माझ्याकडे ती पोस्ट आहे.

तिच्याखालचं मात्र बरंच काही गेलं. माझा एक मित्र पंचवटीत लहानाचा मोठा झालेला. त्यानं कमेंटमध्ये आठवून आठवून लिहिलं होतं, लक्ष्मणकुंडाची पायरी कुठं होती, धनुष्यकुंडात ते पोरं कुठून उडी मारायचे, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं की पेठेतले दुकानदार माल हलवायला लागायचे. दुसरे म्हातारे येऊन त्यात भर घालत होते, त्याला दुरुस्त करत होते. पुढं त्याला एका कंपनीत सल्लागाराचं काम मिळणार होतं, कुणीतरी सांगितलं की जुनं सगळं साफ असलेलं बरं, आणि त्यानं खातंच कायमचं डिलीट केलं. त्याच्या कमेंट गेल्या. उरले ते ‘अगदी बरोबर’, ‘हो, तीच ती पायरी’ असे इतरांचे शब्द, कशाला बरोबर म्हणतायत ते कळत नाही. नंतर तोही गेला. त्याला विचारणारं आता कुणी नाही आणि त्याच्याइतकं आठवणारंही. त्यात लपवण्यासारखं काय होतं गं? एक शब्द नव्हता. त्यानं वाचलं असतं तर ठेवलं असतं.

म्हणून खातं बंद करायचं नाही. आणि तुझी पोस्ट काढलीस की तिच्याखाली इतरांनी लिहिलेलंही जातं, हे प्रत्येक वेळी लक्षात ठेव. काढण्याआधी खालपर्यंत जा. तिथं कुणाचं काही मोलाचं असेल तर आधी वेगळं उतरवून घे.

फेसबुक आणि इन्स्टावरून काढलेली पोस्ट सहसा तीस दिवस मागे ठेवलेली असते, तेवढ्यात मन बदललं तर परत आणता येते. काढावं की ठेवावं ठरत नसेल तर ‘अर्काइव्ह’ कर, म्हणजे ते फक्त तुला दिसेल. पण हे ‘ठरत नाही’ फार ठिकाणी वापरू नकोस, नाहीतर तू काहीच न ठरवता मोकळी होशील. ट्विटरवर, म्हणजे आता एक्सवर, असं काही नाही. तिथं गठ्ठ्यानं काढायची सोयच त्यांनी दिलेली नाही, एकेक करून काढावी लागते आणि गेलेली परत येत नाही. तुला ती अडचण वाटते, मला ती बरीच वाटते. प्रोफाइलवर खाली खाली जाऊन फार जुनं मिळणार नाही; प्रगत शोधात स्वतःचं हँडल आणि तारखा टाक, वर्ष वर्ष निघेल. ॲपवाले नेमके इथंच गाठतात, खात्याचे सगळे अधिकार मागतात. द्यायचे नाहीत.

कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो तुझ्या हातात नाही. काढलेली पोस्ट गुगलच्या शोधात काही दिवस दिसत राहिली तर जुना मजकूर हटवण्याची विनंती त्यांच्याकडे करता येते, ती कर आणि पुढं चल. त्यापलीकडच्या गोष्टींसाठी रात्री जागू नकोस. तू काय काढलंस आणि का, हे तुला सांगता आलं की झालं. इंटरव्ह्यूत कुणी तपोवनाबद्दल विचारलंच, तर जे लिहिलंय तेच सरळ सांग. वाचलेलं असेल तर सांगता येईल.

एप्रिल २०२१ एकटीनं वाचायला बसू नकोस. त्या नावांतली काही अजून तुला सोडत नाहीत हे मला माहीत आहे. शनिवारी चारनंतर सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात ये, लॅपटॉप घेऊन, मी शेजारी बसेन. तोवर आज एवढंच कर: तिन्ही खात्यांच्या सेटिंगमधून तुझ्या माहितीची पूर्ण प्रत मागव. ती तयार व्हायला वेळ लागतो, आणि ती हातात येईपर्यंत एकही पोस्ट काढायची नाही. मागवलीस की मला कळव. आणि मामांना म्हणावं, काकांना फोन करा.

तुझा,
काका